माशेलच्या घरात जनरेटर: यंत्र ठीक, वायरमन उत्तम, गिलावा अजून बाकी

आधी हिशेब सांगते, कारण कुणाचाही अभिप्राय वाचताना मी स्वतः आधी आकडाच शोधते. पेट्रोलवर चालणारा, सेल्फ-स्टार्टचा साडेतीन केव्हीएचा जनरेटर, फोंड्याच्या दुकानातून ९२,५०० रुपये. केबल, चेंजओव्हर (वीज खात्याचा करंट की जनरेटरचा, हे ठरवणारा स्विच), नवा डीबी (घरभर करंट वाटणारी पेटी), आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंगचं सामान मिळून २७,८४०. वायरमनची मजुरी १४,०००. आणि विहिरीवर अर्ध्या एचपीचा नवा पंप, ६,२००. जनरेटरच्या हिशेबात पंप कुठून आला ते पुढे सांगते. या सगळ्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. जनरेटरखालचं जोतं आणि वरचे पत्रे घरच्या उरलेल्या सामानातून झाले, ते यात धरलेले नाहीत.

आम्ही गोव्यात माशेलला राहतो. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, मध्ये राजांगण, मागे विहीर आणि कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, एक तुकडा. मे महिन्यात मी मानकुराद आंब्याचा रस काढून गोठवते आणि गणेशचवथीपासून दिवाळीपर्यंत ओळखीच्या घरांना देते. दोन डीप फ्रीझर त्यासाठीच घेतले आहेत. धंदा म्हणावा एवढा मोठा नाही, पण माझा स्वतःचा आहे. पंचाईत अशी की रस काढायचा हंगाम आणि करंट जायचा हंगाम एकच. वळवाचं वारं सुटलं, एखादी झावळ तारांवर पडली की संपलं.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या वाड्यावर पाच दिवस करंट नव्हता. साठेक किलो रस पोफळींच्या मुळांशी ओतला. आठवडाभर तिथे मुंग्या आणि गांधीलमाश्यांची जत्रा भरलेली. रस गेला तो गेलाच, पण विहिरीला पाणी असून वर चढवता येत नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी ह्यांनी एका कंत्राटदार मित्राच्या कामावरचा जनरेटर टेम्पोत घालून आणला. त्याबरोबर मित्राने एक वायर दिली होती, दोन्ही टोकांना पिना असलेली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी आमच्या स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटमध्ये, की घरभर दिवे. काय आनंद झाला होता! ती वायर नंतर कोठीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवली, पुन्हा लागेल म्हणून.

त्यानंतर १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला. दिवे, पंखे, राउटर यांना तो चार-पाच तास पुरतो. त्यावर दोन फ्रीझर आणि पंप चालवायची स्वप्नं कुणी पाहू नयेत. २०२४ च्या जूनमध्ये ट्रान्स्फॉर्मर बिघडून सव्वीस तास गेले आणि निम्मा रस पुन्हा मऊ पडला. मऊ पडलेला रस परत गोठवून लोकांना द्यायचा नाही, हा माझा नियम. तेव्हा मात्र ठरवलं की पुढच्या मे महिन्याच्या आत जनरेटर बसलाच पाहिजे.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांचं मत पडलं, "आमी पेट्रोमॅक्साच्या उजवाडांत लग्नां केल्यांत." केली असतील. पण त्या लग्नांत डीप फ्रीझर नव्हते.

वायरमन शोधणं हे जनरेटर शोधण्यापेक्षा अवघड निघालं. पहिला शेजारच्यांनी सुचवला. फोन केल्यावर तासाभरात दारात हजर, हे गोव्यात एवढं दुर्मीळ की मी त्याला चहाबरोबर शंकरपाळ्यासुद्धा दिल्या. त्याने घरात पाऊल टाकलं, मीटर पाहिला आणि म्हणाला, जनरेटर मागच्या पडवीत ठेवू, पावसात भिजणार नाही. वायरिंगला हात लावायची गरजच नाही, दोन्हीकडे पिनांची वायर करून देतो. मजुरी पंधराशे, वायर तीनशे. मी म्हटलं, वायर तर आमच्याकडे आहेच. तो खूश. मीही खूश. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाच जनरेटर हाताशी असता तर काम त्यालाच गेलं असतं.

दुसरा पणजीहून आला, एका मोठ्या दुकानाचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याने घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागचं लेबल वाचून वॉट टिपून घेतले. गिझर, दोन एसी, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळं. बेरीज केली आणि साडेसात केव्हीएचा डिझेल सेट, सायलेंट कॅनोपी (आवाज कोंडणारं कवच) आणि एएमएफ पॅनलसह, ३ लाख ३५ हजार सांगितले. एएमएफ म्हणजे करंट गेला की जनरेटर आपोआप सुरू, आला की आपोआप बंद. किंमत ऐकून माझा चेहरा पडला असावा, कारण त्याने लगेच प्रदूषण मंडळाचे नियम समजावायला घेतले. १ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुराचे नियम कडक झाले, इंजिनं बदलली, त्यामुळे डिझेल सेट महागले. हे खरं आहे, नंतर मी खात्री करून घेतली. माणूस खोटारडा नव्हता. पण तो विहिरीपर्यंत गेला नाही आणि दिवसभरात आम्ही काय चालवतो हे त्याने विचारलं नाही. करंट नसताना दोन एसी लावून, गिझरच्या पाण्याने आंघोळ करत इस्त्री फिरवणारं घर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. एखाद्या हॉटेलवाल्याला तो चांगला पडेल.

तिसऱ्याचं नाव मला फ्रीझर दुरुस्त करणाऱ्या मुलाने दिलं. इथे मी ते लिहीत नाही, कारण मी परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, नको वहिनी, आत्ताच फोन थांबत नाहीत. चाळिशीचा, फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये शिकलेला, वायरमनचा परवाना पिशवीतल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये. परवाना मी मागितला नव्हता, त्याने स्वतःहून दाखवला. पण हे सगळं तो आल्यावर. यायच्या आधी त्याने मला तीन वेळा "फाल्यां येतां" (उद्या येतो) सांगितलं आणि तिन्ही वेळा आला नाही. चौथ्या वेळी मी फोनवर आवाज चढवला तेव्हा न सांगताच संध्याकाळी साडेसहाला उगवला.

घर फिरताना तो कोठीत शिरला आणि खिळ्यावरची वायर त्याला दिसली. तोपर्यंत तो हसून बोलत होता. वायर खाली काढून त्याने दोन्ही पिना पाहिल्या आणि विचारलं, ही कधी वापरली होती? मी तौक्तेची गोष्ट सांगितली. "वयनी, हें पयलीं काडूंक जाय," म्हणाला, आणि मी हो म्हणायच्या आत पिशवीतून पक्कड काढून वायरचे दोन तुकडे केले. पैशांचं बोलणं अजून सुरूही झालं नव्हतं.

मग राजांगणाच्या पायरीवर बसून त्याने जे सांगितलं ते असं. जनरेटरचा करंट पॉइंटमधून घरात शिरतो तसा, मेन स्विच चालू राहिला तर, मीटरमधून मागे खांबाकडेही जातो. आपल्या वाड्याचा ट्रान्स्फॉर्मर ११ हजार व्होल्टचे आपल्या कामाचे व्होल्ट करतो. पण त्याला उलट बाजूने आपले २३० व्होल्ट दिले तर तो इमाने इतबारे त्यांचे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. लाइन बंद आहे समजून जो खांबावर चढलेला असतो, त्याच्या हातात ते जातात. शिवाय चुकून पिन पॉइंटमधून निघाली तर तिच्या उघड्या पितळेत करंट असतो, घरात पोरंबाळं असली तर तेच पुरेसं. मेन बंद ठेवला की झालं, असं सगळे म्हणतात. पण काळोखात, पावसात, घाईत मेन बंद केला की नाही हे एका माणसाच्या आठवणीवर सोडायचं? मी ह्यांच्याकडे पाहिलं. तौक्तेच्या वेळी मेन बंद केला होता असं हे म्हणतात. मला तेवढी खात्री नाही. त्याच दुपारी वळणावरच्या खांबावर लाइनमन चढलेला मी पाहिला होता. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा आहे तो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी (या वेळी सांगितलेल्या वेळी, हे नमूद करते) तो क्लॅम्प मीटर घेऊन आला. चिमट्यासारखं ते यंत्र वायरभोवती धरलं की किती अँपिअर वाहतात ते दिसतं. लेबलं त्याने वाचलीच नाहीत. एकेक वस्तू चालू करून मोजलं. फ्रीझर, फ्रीज, पंखे, मिक्सर. सगळं माझ्या अंदाजापेक्षा कमी निघालं. मग पंप. जुना एक एचपीचा पंप चालताना सात अँपिअर घेत होता, ठीक. पण सुरू होताना, त्या एका क्षणी, मीटरवर ३४ आले. कुठलीही मोटर उठताना असा घास घेते, आमची जरा जास्तच हावरी निघाली. "या एका क्षणासाठी तुम्हाला बराच मोठा सेट घ्यावा लागेल," तो म्हणाला, आणि विहिरीकडे चालू लागला. दोरी सोडून खोली मोजली, २८ फूट. टाकी जमिनीपासून २० फुटांवर. रोज टाकी किती वेळा भरता? एकदाच, हजार लीटर. मग एक एचपी कशाला बसवला होता? ते सासऱ्यांनाच ठाऊक, आणि ते आता सांगायला नाहीत.

अर्ध्या एचपीचा पाण्यात बुडणारा पंप एवढ्या उंचीला पुरेल, टाकी भरायला वीस मिनिटांऐवजी चाळीस लागतील, आणि उठताना तो १४ अँपिअरच्या पुढे जाणार नाही, असा त्याचा हिशेब. साडेतीन केव्हीए म्हणजे साधारण १५ अँपिअर. म्हणजे सहा हजारांचा पंप घेतला की जनरेटर दोन आकारांनी लहान आणि कितीतरी स्वस्त. त्यात त्याला काही मिळत नव्हतं. पंप आणि जनरेटर दोन्ही आम्ही दुकानातून थेट घेतले. पंप बसल्यावर त्याने पुन्हा मोजलं, १३.६. मला तो आकडा अजून पाठ आहे.

आता प्रत्यक्ष काम. घराच्या पुढच्या भिंतीवर, मीटरशेजारी, दोन पोलचा ४० अँपिअरचा चेंजओव्हर स्विच बसवला. मूठ वर केली की वीज खात्याचा करंट, खाली केली की जनरेटरचा, मध्ये बंद. दोन्ही एकाच वेळी लागूच शकत नाहीत, आतली रचनाच तशी असते. कुणी विसरो, कुणी घाई करो, खांबाकडे करंट जायला वाट नाही. ह्यांनी विचारलं, एका पोलचा स्वस्त मिळतो ना? मिळतो, पण त्यात न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, जोडलेलाच राहतो. दोन पोलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. दोघांच्या किमतीत साताठशे रुपयांचा फरक असेल. यावर घासाघीस करू नका.

मग घराची वायरिंग दोन भागांत विभागली. फ्रीज, दोन फ्रीझर, पंप, मिक्सरचा एक पॉइंट, दिवे आणि पंखे नव्या डीबीवर, जनरेटर फक्त त्यांनाच. गिझर, एसी, इस्त्री जुन्या बाजूला, करंट येईपर्यंत गप्प. आमच्याकडे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते ते गेले. त्यांच्या जागी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या कळा), आणि नव्या डीबीच्या तोंडाशी आरसीसीबी. इथे कामाने दीड दिवस खाल्ला, कारण आरसीसीबी लावल्याबरोबर पडायला लागला. वर केला की खाली. त्याने एकेक सर्किट सोडवत शोधत नेलं आणि चोर सापडला तो तुळशी वृंदावनाच्या दिव्यात. त्या दिव्याला न्यूट्रल नव्हताच! कुणीतरी कधी काळी एकच वायर नेली होती आणि दुसरं टोक अर्थिंगला बांधलं होतं. पंचवीस-तीस वर्षं आमचा तुळशीचा दिवा जमिनीच्या भरवशावर पेटत होता. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, देवाचा दिवा, पेटणारच.

अर्थिंगवर जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे लोक यावर पैसे वाचवतात. जनरेटरसाठी त्याने दोन वेगळे खड्डे मागितले. आमची जमीन चिऱ्याची. चार फुटांवर पहार टणकन वाजायला लागते. जांभ्या दगडातून करंट सहजी उतरत नाही. पहिला खड्डा गडग्याजवळ, तिथे मोजलं तर साडेअकरा ओहम (हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं). त्याला पाचाच्या खाली हवं होतं. मग घरामागे, न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिथली ओली जागा त्याने निवडली. दुसरा खड्डा तिथे, दोन्ही पट्टीने जोडले, आणि ४.१ आलं. मीठ-कोळसा घातला नाही. मीठ आमच्या पावसात दोन-तीन वर्षांत धुऊन जातं आणि पाइपही खातं, म्हणून बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. हे मोजमाप मेच्या पहिल्या आठवड्यात झालं, जमीन तापून कोरडीठाक असताना. तो म्हणाला, पावसाळ्यात कुणीही चांगला आकडा काढून दाखवेल, खरा आकडा मे महिन्यातला. मला हे एवढं पटलं की मी तारखेसकट कालनिर्णयवर लिहून ठेवलं.

जनरेटर पडवीत ठेवायला त्याने साफ नकार दिला. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वासाला येतो, आणि पडवीला लागून सासूबाईंची खोली. घरापासून पंधरा फुटांवर, तीन बाजू उघड्या, वर पत्रा, खाली फूटभर चिऱ्याचं जोतं, धुराचं तोंड कुळागराकडे. तिथून घरापर्यंत आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल जमिनीखालून.

आणि शेवटी बल्बची परीक्षा. एक होल्डर, त्याला दोन लांब वायरी. एक फेजला, एक अर्थला. वीज खात्याच्या करंटवर हे करताच आरसीसीबी खटकन पडला. बरोबर, पडायलाच हवा. मग जनरेटर चालू करून तेच केलं. आरसीसीबी पडला नाही, बल्बही पेटला नाही. मला वाटलं, छान, म्हणजे शॉक बसणारच नाही. त्याने मान हलवली. या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, अधांतरी असतो, म्हणून करंटला परत यायला वाट नाही आणि आरसीसीबीला काही कळतच नाही. घरात कुठे पहिला बिघाड झाला तर तो गुपचूप राहील. दुसरा होईल तेव्हा मध्ये माणूस असेल. त्याने जनरेटरच्या दुकानात फोन करून वॉरंटीला बाध येत नाही ना हे विचारून घेतलं, जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड दिला, आणि पुन्हा बल्ब लावला. खटकन पडला. तुमच्याकडे जनरेटर असेल तर हे एकदा वायरमनकडून करून घ्या, स्वतः करू नका. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो म्हणून समाधान मानू नका. ते बटण न्यूट्रल अधांतरी असतानाही काम करतं. हे बटणाचंही त्यानेच दाखवलं.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला, म्हणजे काम अगदी वेळेवर आटपलं. पहिली मोठी कसोटी जूनमध्ये, माड तारांवर पडला तेव्हा, ३१ तास. १९१२ वर तक्रार नोंदवली आणि मूठ खाली केली. आम्ही जनरेटर सलग चालवत नाही. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि झाकण उघडलं नाही तर तो दोन दिवससुद्धा गार राहतो, म्हणून सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पुरतात. आधी एकटा पंप लावायचा, तो उठून स्थिर झाला की एकेक फ्रीझर. रात्री दहानंतर बंद, इन्व्हर्टरवर पंखे. तासाला साधारण सव्वा लिटर पेट्रोल. चिखलकाल्याच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या चिखलात खेळायच्या उत्सवाला, घरात पंधरा पाहुणे आंघोळीला उभे आणि करंट नाही, तेव्हाही टाकी भरली. चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी (गणपतीच्या वरची फळापानांची आरास) बांधताना तीन तास करंट गेला. त्या तीन तासांत मिक्सरवर पंचखाद्याची पूड झाली.

यंत्राबद्दल थोडक्यात. आवाज आहे. पेट्रोलचं आहे म्हणून कुजबुजेल असं नाही. खोलीत बोलणं ऐकू येतं, अंगणात मोठ्याने बोलावं लागतं. नव्या इंजिनात ऑइल नसतं, हे दुकानदाराने सांगितलं नाही, वायरमनने झाकण उघडून पाहिलं म्हणून कळलं. पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं असतं, ते तास मी कालनिर्णयवरच मांडते, दुधाच्या शेजारी. इन्व्हर्टर जनरेटरचा करंट घेत नव्हता, वारंवार बॅटरीवर जात होता; त्याच्या मागचं बटण यूपीएसवरून नॉर्मलवर केल्यावर घ्यायला लागला. आणि पेट्रोल टाकीत साठवून ठेवायचं नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलाव्याची आपल्याकडे कुठे कमी? काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवते, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

आता तक्रारी. फोन उचलत नाही. उचलला तर वेळ सांगतो, पाळत नाही. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. बिल मागितलं तर जुन्या कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे आकडे लिहून दिले. मी ते परत देऊन नीट बिल लिहायला लावलं, तेव्हा जरा फुगला होता. सामानाच्या पावत्या मात्र एकूण एक दिल्या, त्यात पैशाचा घोळ नाही. डीबीवर कुठली कळ कशाची हे लिहिलंच नव्हतं, मी नातवाच्या वह्यांची लेबलं चिकटवली. पुढच्या भिंतीवर पांढरी प्लास्टिकची पट्टी त्याने अशी सरळ आडवी ओढली आहे की बसायच्या सोप्यावरून डोळे तिच्यावरच जातात. तीच वायर कौलांखालून नेता आली असती. आणि जिथून केबल घरात शिरते तिथे भिंतीला नारळाएवढं भोक पाडलं आहे. ते बुजवून गिलावा करणं त्याच्याच मजुरीत धरलेलं होतं.

तरीही पुन्हा काम निघालं तर त्यालाच बोलावणार. शेजारच्यांनी त्याच्याकडून चेंजओव्हर बसवून घेतला, त्यांच्याकडची दोन पिनांची वायरही त्याने कापली म्हणे. त्यांना मात्र पहिल्याच फोनवर, त्याच दिवशी आला. आमच्या भिंतीच्या भोकात जुलैपासून साळुंकीने घरटं केलं होतं, ती आता उडून गेली आहे. काल त्याला तसं कळवलं. फाल्यां येतां म्हणाला.